बिनशेंडीचा नारळ

मी रस्ता चुकतो, ही आमच्या घरात आता बातमी राहिलेली नाही. माझं म्हणणं एवढंच की यात माझ्या डोक्यापेक्षा माझ्या गावाचा वाटा जास्त आहे. जयसिंगपूर शाहू महाराजांनी वसवलं, त्याला वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव दिलं आणि रस्ते असे आखून घेतले की जणू कुणी जमिनीवर पट्टी ठेवून रेघा मारल्यात. एक उभा, एक आडवा. गल्ल्यांना नंबर. पाचवीतल्या माणसाला सातवीत जायचं तर दोन ओलांडायच्या, झालं. बालवाडीतलं पोरही पोचतं. अशा गावात हयात घालवलेल्या माणसाला तुम्ही उचलून युरोपातल्या जुन्या बोळांत सोडलंत, तर तो दुसऱ्या वळणावर भिंतींवर नंबर शोधणारच. मी शोधले. सापडले नाहीत. मीही पुढचे दोन तास कुणाला सापडलो नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो. चहा घ्या.

मी इतिहासाचा मास्तर. एकतीस वर्षं दुसरं महायुद्ध शिकवलं. १ सप्टेंबर १९३९, जर्मनीचा पोलंडवर हल्ला, रिकाम्या जागा भरा, एक गुण. पुढं लगेच फ्रान्स, मग इंग्लंड, मग पर्ल हार्बर, आणि हिरोशिमापर्यंत येईतो घंटा. पोलंड माझ्या वर्गात पहिल्याच वाक्यात पडायचा आणि एकतीस वर्षांत एकदाही उठला नाही. पोर्शन पुरा करायचा असायचा हो.

पोलंडची एकच गोष्ट मी जीव लावून सांगायचो, ती वर्गात नाही, कोल्हापूरच्या पॅसेंजरमध्ये. रुकडी सुटली, पंचगंगेचा पूल खडखडला की वळिवडे येतं. तिथं मी शेजाऱ्याला कोपर मारायचो. "इथं पाच हजार पोलिश राहत होते, माहीत आहे?" मग १९४३ पासून १९४८ पर्यंतचा सगळा तपशील: स्टालिननं सैबेरियात हाकललेली कुटुंबं, तिथून इराण, इराणहून जहाजानं हिंदुस्थान, आणि शेवटी कोल्हापूर संस्थानातला हा माळ; बहुतेक बायका आणि मुलं, कारण बापे लढाईवर; लांबलचक बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकंसुद्धा. एकजण तर कोल्हापूरचीच सून होऊन राहिली. बाकीचे गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं उठवलेली सिंधी मंडळी आली, तेच आजचं गांधीनगर. माझं हे सगळं बोलून होईतो शेजारी शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "मास्तर, लग्नाचा बस्ता बांधायचाय. गांधीनगरात कुठलं दुकान स्वस्त पडंल?"

तर आमच्या मुलीला वॉर्सात नोकरी लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. मी मनातल्या मनात स्वतःचं केलं. माझी पक्की समजूत अशी, की वॉर्सात कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस उतरला हे कळायचा अवकाश, लोक रस्त्यात थांबवून मिठ्या मारणार. सत्कार होणार हे धरून मी बॅगेत फेटा टाकला. हिनं तो बाहेर काढून तिथं थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा बसवला. मी पुन्हा फेटा घातला, तेव्हा डबा आडवा झाला. वॉर्सात बॅग उघडली तर माझे चार शर्ट तिखट झाले होते. पुढचे आठ दिवस मी जिथं जाईन तिथं आजूबाजूची माणसं शिंकत होती.

आता पोलिश भाषेबद्दल. मुलीनं पहिल्या दिवशी सहा शब्द शिकवले, त्यातले चार मी जिना उतरेपर्यंत विसरलो. उरलेल्या दोघांनी घात केला. घात कसला, भाषा आपल्याच घरातली वाटावी असे ते शब्द! "ताक" म्हणजे हो. "पानी" म्हणजे बाईसाहेब. आणि सगळ्यांत वरताण म्हणजे बोलताना ही माणसं सहज "नो" म्हणतात आणि त्याचाही अर्थ "हो, हो" असाच. नकाराला त्यांच्याकडे वेगळाच शब्द आहे, पण तो त्या विसरलेल्या चारांत होता.

त्यांच्याकडे 'बार म्लेच्नी' नावाच्या जुन्या पद्धतीच्या स्वस्त खानावळी असतात. नावात बार असला तरी अर्थ दुधाचा बार, तेव्हा हिनंही परवानगी दिली. भिंतीवर पोलिशमध्ये यादी, खिडकीच्या पलीकडे पांढरा रुमाल बांधलेली दणकट बाई. मला लागली होती तहान. मी म्हणालो, "पाणी." बाई म्हणाल्या, "ताक?" माझ्या अंगावर काटा आला. सात समुद्रापलीकडे एक माउली पाणी मागणाऱ्याला ताक देऊ का म्हणून विचारतेय! पण उगीच कशाला त्रास, म्हणून मी हात हलवून म्हणालो, "नो, नो. पाणी, पाणी." म्हणजे त्यांच्या हिशेबानं मी खिडकीत उभा राहून "हो हो, बाईसाहेब, बाईसाहेब" असं लाडात येऊन म्हणत होतो. त्यांनी डोळे बारीक केले, मागच्या पातेल्याकडे पळी दाखवली आणि पुन्हा विचारलं, "ताक?" मी म्हणालो, "नो!"

वाडगा आला. आत गुलाबी रंगाचं थंडगार काहीतरी. बीट, काकडी, शेपू आणि आंबट दूध; उन्हाळ्यातलं त्यांचं 'ह्वोद्निक' नावाचं सूप. म्हणजे अखेर मला ताकच मिळालं होतं, फक्त होळी खेळून आलेलं. वर उकडलेलं अर्धं अंडं तरंगत होतं. बाहेर श्रावण चालू. हिनं अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःसाठी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिला बटाटा आणि पनीर भरलेल्या, पाण्यात उकडलेल्या इवल्या करंज्या मिळाल्या, पिएरोगी म्हणतात त्यांना. गरम. वर परतलेला कांदा. तिनं एकही शब्द उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुनं शहर. मी आधीच ठरवलं होतं की इथं माहिती मी देणार. किल्ल्यासमोरचा राजा झिगमुंटचा खांब बघून झाला, मग चौक. लाल, पिवळी, पिस्ता रंगाची उंच अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी, दगडी उंबरे, वाकड्या गल्ल्या. माझ्यातला मास्तर गहिवरला. एका भिंतीवर तळवा ठेवून मी डोळे मिटले आणि हिला म्हणालो, "बघ, सातशे वर्षांचा दगड. किती पिढ्यांचे हात लागले असतील याला!" शेजारी दोन परदेशी पाहुणे होते, त्यांनीही आदरानं भिंतीला हात लावला. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हा चौक १९५३ ला बांधून झालाय."

मी ५६ सालचा. ती भिंत माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठी होती.

झालं होतं असं, आणि हे मला एकतीस वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकानं शिकवायला लावलं नव्हतं: १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सावाले जर्मनांविरुद्ध उठले, त्रेसष्ट दिवस लढले आणि हरले. त्यानंतर हिटलरच्या हुकमानं उरलेलं शहर ठरवून पाडलं गेलं, घर न् घर सुरुंग लावून, आग लावून. युद्ध संपलं तेव्हा शहराचा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग जमीनदोस्त होता. एवढा मोकळा माळ हाती आल्यावर आपण काय केलं असतं? मी असतो तर चांगले सरळ रस्ते आखले असते, गल्ल्यांना नंबर दिले असते. या लोकांनी अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची चित्रं बाहेर काढली, वास्तुशास्त्राच्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी जीव मुठीत धरून मठात दडवलेली जुन्या घरांची मापं काढली, ढिगाऱ्यातले दगड निवडले आणि जी गल्ली जिथं वाकडी होती तिथंच ती पुन्हा वाकडी बांधली. युनेस्कोनं १९८० मध्ये या नव्या जुन्या गावाला जागतिक वारसा म्हणून यादीत घेतलं. म्हणजे मी जो दोन तास हरवलो, तो कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे नाही. मोजून मापून, चित्र बघून बांधलेल्या वळणांत हरवलो.

हरवलो हे ओघानं आलंच. "नाव सांग चौकाचं," मुलगी फोनवर म्हणत होती. मी पाटीवरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. सात अक्षरांत एकच स्वर होता. तिनं विचारलं, "आसपास काय दिसतंय?" मी म्हणालो, "जुनी घरं." ती गप्प झाली. शेवटी हिनं मला शोधलं. कशी? म्हणाली, "शिंकणाऱ्या लोकांच्या मागं आले."

१ ऑगस्ट उजाडला. नाश्त्याच्या वेळी मुलगी काहीतरी सांगत होती, पाच वाजता, भोंगा, उभं राहायचं, असं काहीसं. मी त्या वेळी जयसिंगपूरच्या आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक महत्त्वाचा मजकूर लिहीत होतो. मजकूर असा: वळिवडे छावणीतली एक पोलिश आजी मला प्रत्यक्ष सापडली आहे.

सापडली होती खरंच. मुलीच्या इमारतीखाली अंगणातल्या बाकावर रोज एक आजीबाई बसायच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, वय ऐंशीच्या पुढं. छावणीतली पोरं आज त्याच वयाची असणार, मी हिशेब केला. जवळ जाऊन विचारलं, "कोल्हापूर?" त्या हसल्या. "ताक." "वळिवडे?" "ताक, ताक." "पंचगंगा?" "ताक!" माझे डोळे भरून आले. ग्रुपवर सत्तावीस अंगठे आले, आणि एकानं लिहिलं, मास्तर, त्यांना विचारा, बस्ता कुठं बांधायचे?

तर भोंगा. पाच वाजायला आले होते, आम्ही एका रुंद रस्त्याच्या कडेला सिग्नलची वाट बघत उभे. आणि एकदम सगळ्या शहरातून भोंगे सुरू झाले. आता आमच्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला भोंगा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एक तर साखर कारखान्याचा, नाहीतर पाणी वाढल्याचा. कारखाना इथं नव्हता. व्हिस्तुला नदी जवळच होती. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर डोळ्यांपुढून गेले, कुरुंदवाडचे, नृसिंहवाडीचे लोक ट्रॅक्टरमधून गुरं-पोरं घेऊन आमच्या गावात आलेले दिसले, आणि पाय आपोआप सुटले. हिचा हात धरायला गेलो तर ही जागची हलेना. म्हणलं जाऊ दे, आधी उंचावरची जागा बघावी, मग परत यावं. मी पळालो. नुसता पळालो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी ओरडत पळालो. "पाणी! पाणी आलं! पाणी!"

चाळीसएक पावलं गेल्यावर लक्षात आलं, की आवाज फक्त भोंग्याचा आणि माझा आहे. ट्राम रुळावर थांबलेली. मोटारवाले मोटारी सोडून दाराशी उभे. सायकलवरच्या पोरानं एक पाय जमिनीला टेकवलेला, आइस्क्रीम घेतलेली मुलगी तसंच हातात धरून उभी आणि ते तिच्या मनगटावरून ओघळतंय. एक म्हातारा टोपी काढून, मान खाली घालून. १९४४ मध्ये ज्या दिवशी, ज्या घटकेला उठाव सुरू झाला, त्या घटकेला दरवर्षी सबंध वॉर्सा मिनिटभर असं थांबतं. आणि त्या मिनिटात साऱ्या शहरात हलणारा एकच इसम होता, तिखटाचा वास येणारा, "बाईसाहेब! बाईसाहेब!" असं किंचाळत झेब्रा क्रॉसिंगवरून धावणारा.

मी जिथल्या तिथं थिजलो. एक पाय अजून वरच होता. उरलेला वेळ तसाच काढला.

कुणी काही बोललं नाही. भोंगा थांबला, ट्राम निघाली, आइस्क्रीमवालीनं मनगट पुसलं. टोपीवाले आजोबा जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांना बहुधा वाटलं असावं, की या माणसानं कुठलं तरी युद्ध जवळून पाहिलंय. मी ते खोडून काढलं नाही.

या प्रकाराचं परिमार्जन म्हणून दुसऱ्या दिवशी मी फार जपून वागत होतो. संगीतकार शॉपँ याच शहरात वाढला; तो वारला पॅरिसमध्ये, पण त्याचं हृदय बहिणीनं इथं आणलं आणि ते इथल्या एका चर्चच्या खांबात ठेवलेलं आहे. त्याच्या नावानं शहरात काळ्या दगडाचे बाक आहेत. त्यातल्या एकावर बसताना माझा हात कुठल्या तरी बटणावर पडला आणि बाकातून गंभीर वाद्यसंगीत सुरू झालं. मी ताडकन उठून सावधान झालो. हिलाही उठवलं. राष्ट्रगीत असणार! ते संपेतो, पापणी न हलवता, उभे राहिलो. समोरून जाणाऱ्या शाळकरी पोरांनी आमचे फोटो काढले. कुणीही बटण दाबावं, बाक शॉपँचा तुकडा वाजवतो, एवढंच ते होतं. जिथं उभं राहायचं तिथं पळालो आणि जिथं बसायचं तिथं उभा राहिलो.

राहता राहिला नारळ. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०१७ साली उभारलेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं ते टीव्हीवर आपण पाहिलंच. तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही, असं हिनं ठरवलं. इथल्या दुकानात नारळ मिळाला, पण बिनशेंडीचा, तासून गुळगुळीत केलेला, जसा हजामतीच्या खुर्चीतून आत्ताच उठलाय. "हा कसा चालेल?" मी म्हणालो. "चालतंय," ही म्हणाली, "तुम्ही नाही का चालत!" मुलगी कामावर होती, तिनं बजावलं होतं की फोडायचा नाही, नुसता ठेवायचा, आणि रविवारी मी घेऊन जाईन, एकटे जाऊ नका. पण पन्नास देशांचे नकाशे फळ्यावर काढलेला माणूस मी. ट्रामचा नकाशा बघून ओखोता भागात गेलो, तिथं एका चौकाच्या पाटीवर चक्क "महाराजा" हा शब्द होता. शेजारी स्मारकाचा दगड. महाराजा म्हटल्यावर पुढचं कोण वाचतो? कोल्हापूरकराला महाराज दुसरे माहीत आहेत का?

फेटा बांधला. हिनं दगडापुढं नारळ ठेवून हळद-कुंकू वाहिलं. मी भाषण केलं. शाहू महाराज, आरक्षण, राधानगरीचं धरण, कुस्ती, वळिवड्याच्या बराकी, पंचगंगेचं पाणी. श्रोते म्हणजे ही, कुत्रं फिरवणाऱ्या दोन बाया आणि एक कुत्रं. शेवटच्या जयघोषाला कुत्र्यानं साथ दिली. मग मुलीला अभिमानानं फोटो पाठवला. तिचा फोन आला. "बाबा, ते जामनगरचे महाराज आहेत."

जामसाहेब दिग्विजयसिंहजी. १९४२ मध्ये पोलिश मुलांना त्यांनी आपल्याकडे बालाचडीला आसरा दिला, म्हणून वॉर्सानं त्या चौकाला 'भल्या महाराजांचा चौक' असं नाव दिलं. मोठं मन, मोठं काम, त्यांना माझा मनापासून मुजरा. पण मी त्यांना अर्धा तास राधानगरी धरणाबद्दल सांगितलं होतं. ही पुढं झाली, दगडाला नमस्कार केला, नारळ उचलून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चला. त्यांना म्हणलंय, राग मानू नका, माणूस मास्तर आहे."

रविवारी मुलीच्या मागं मागं, मुकाट्यानं गेलो. कोल्हापूरचा फलक माँटे कॅसिनोच्या स्मारकाजवळ आहे. माँटे कॅसिनो म्हणजे इटलीतला डोंगर. १९४४ च्या मे महिन्यात पोलिश सैन्यानं तो घेतला. वळिवड्याला चुलीपुढं बसलेल्या बायकांचे नवरे, त्या पोरांचे बाप आणि भाऊ त्याच सैन्यात होते. मी कोल्हापूर हा शब्द वाचला. भाषण तयार होतं, फेटाही होता. पण तोंडातून आवाज फुटेना. मुलीनं विचारलं, "काय झालं बाबा?" मी म्हणालो, "तिखट गेलं डोळ्यात." शर्ट त्या दिवशी नवीन होता.

नारळ हिनं ठेवला नाही. हात लावून, नमस्कार करून पुन्हा पिशवीत. मी विचारलं तर म्हणाली, "मला एक ठिकाण माहीत आहे."

ते ठिकाण म्हणजे आमच्याच इमारतीखालचा बाक. आजीबाई बसल्या होत्या. "वळिवड्याच्या आजी!" मी आनंदानं म्हणालो. ही थांबली. "अहो, त्या वळिवड्याच्या कुठल्या? युक्रेनच्या आहेत त्या. खार्किवच्या. २०२२ ला आल्यात, घर पडल्यावर. मुलगा तिकडंच आहे, फोन येतो त्याचा मंगळवारी." हे सगळं तिला कसं कळलं? तिच्या फोनवर बोलून. ही मराठीत बोलायची, फोन त्यांच्या भाषेत सांगायचा, त्या सांगायच्या, फोन मराठीत बोलायचा. आठ दिवस रोज तासभर दोघी बोलत होत्या. मी इतिहासाचा माणूस, फोनच्या नादी लागत नाही. "मग मी विचारलं तेव्हा त्या ताक, ताक का म्हणाल्या?" "त्यांच्यातही हो म्हणजे ताकच. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणावं, असं म्हणाल्या. तुमच्याबद्दल."

ग्रुपवर सत्तावीस जणांना आता काय सांगायचं, याचा मी विचार करत उभा होतो. हिनं आजींच्या कपाळाला कुंकू लावलं. विचारलंबिचारलं काही नाही. रुमालाचा पदर पुढं धरायला लावला, मूठभर तांदूळ घातले आणि त्यावर तो बिनशेंडीचा, जामनगर-कोल्हापूर करून आलेला नारळ ठेवला. आजींनी तो उचलून कानाशी हलवला, आत पाणी आहे का बघायला. नारळ बघायची पद्धत खार्किवमध्येही हीच, का हिनं शिकवली होती, देव जाणे. मग दोघी फोन मधे ठेवून बोलायला लागल्या.

ऊन बरंच होतं. माझ्या घशाला कोरड पडली. मी म्हणालो, "पाणी."

हिनं मान वर केली नाही. आजीबाईंनी केली.